नकलेवरून वाचणारा

थोरली सून परगावी गेल्याला कितीतरी वर्षं लोटली, तरी ही घरात आपली धाकटीच. खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपशेजारी सोलायचा लसूण. ऑफिस आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा, तोही धुवायला टाकलेला.

सासूबाईंची दृष्टी गेली तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत. जन्मभर जेवतानासुद्धा हातात पुस्तक धरलेली बाई. धाकटीने त्यांच्यासाठी पुस्तक मोठ्याने वाचणारा प्रोग्राम आणला. आवाज गोड, पण उच्चार परक्याचे. म्हणून उच्चार सुधारणारं एक छोटं पॅकेज ती स्वतःच लिहू लागली.

"जरा थांब," असं गोष्टीतली बाई म्हणे, आणि यंत्र तो 'ज' जीवातल्या 'ज'सारखा काढी.

"जरा म्हणजे म्हातारपण, त्याला थांब म्हणतोय मेला!" सासूबाई म्हणाल्या. "ते काय याच्या बापाचं ऐकणार आहे?"

"दुरुस्त केलंय आई, आता ऐका."

पुन्हा तेच म्हातारपण.

"राहू दे गं. आज जमलं तर ठीक, नाहीतर मला गप्प घराची सवय करू दे एकदाची."

दुपार घरभर पसरली. धाकटी पॅकेजमधले उच्चारांचे नियम बदलत होती, आवाज बदलत नव्हता. आपण पाण्याखालून बोलतोय असं तिला वाटायला लागलं. वैतागून तिने नियमांची अख्खी फाईलच कोरी केली. आता तरी त्याची बोबडी वळायला हवी होती. पण तो वाचतच राहिला, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा, संथ.

तेव्हा तिला उमगलं. इन्स्टॉल करताना पॅकेजची नक्कल होऊन ती आत भलत्याच जागी जाऊन बसली होती. ही इथे मूळ फोल्डरमध्ये जीव तोडून दुरुस्त्या करतेय आणि वाचणारा तिथे जुनी प्रत घेऊन बसलाय.

तिने ती नक्कल काढली, पुसलेली फाईल परत आणली आणि पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केलं, या वेळी थेट मूळ फोल्डरशी जोडून. प्रत करायची नाही, दर वेळी इथेच येऊन बघायचं.

"जरा थांब," आवाज म्हणाला. अगदी घरातल्यासारखं.

सासूबाईंनी उशीवरून डोकं उचललं. "चमचा म्हणायला सांग."

चमचा चहाच्या 'च'ने आला. धाकटीने नियम लिहिला, वाचन पुन्हा सुरू केलं. चमचा चमच्यासारखा वाजला.

"चुका तुम्ही काढायच्या, आई. मी इथे बदलते, तो लगेच तसं बोलेल."

"म्हणजे सांगितलेलं लगेच ऐकणारं कोणीतरी आलं म्हणायचं या घरात!"

वाचन सुरू झालं. गोष्टीतली बाई कुठल्याशा नदीत उतरत होती. खोलीतलं ऊन पातळ होत गेलं, आवाज वाहत राहिला. दोन शब्द चुकले. धाकटी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत राहिली. सासूबाईंनी एकही चूक काढली नाही. पान संपलं, आवाज थांबला.

"गप्प का झाला?" त्या म्हणाल्या. "पुढे काय झालं तिचं?"