आखूड पाऊल

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आमच्या घरी अजूनही सांगतात की, मेधा नऊ वर्षांची असताना अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर तिच्या पोटात पू झाला, पण अप्पांनी तिला वेळेत दवाखान्यात नेलं. अप्पा म्हणजे मी, आणि मी वेळेत नेलं नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस ती पोट धरून, वाकून चालत होती. अंगात कणकण होती. मी शाळामास्तर, मुलांची सोंगं ओळखण्यात पटाईत. "सरळ चाल, नाटकं पुरे," म्हणालो आणि ओव्याची पूड दिली. तिसऱ्या दिवशी तिला उभंच राहवेना, तेव्हा नेलं. पोट पुन्हा उघडावं लागलं.

आता मेधा पन्नाशीची आहे आणि वाकून चालतो तो मी. रोज सकाळी ती मला बागेत फिरवते. आज माझं लक्ष तिच्या चपलांकडे गेलं. एरवी झपाझप चालणारी माझी लेक माझ्यासाठी आखूड पावलं टाकत होती. दुसऱ्याला चालवत नसेल तर आपलं पाऊल आखूड करायचं, हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. ऊन कोवळं होतं, फार बरं वाटत होतं.

"अप्पा, दमलात का?"

"नाटकं करतोय."

ती खळखळून हसली. "मग ओवा देऊ?"

म्हणजे तिला सगळं आठवत होतं, आणि तरी घरच्यांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"अजून एक फेरी मारू," एवढंच मी म्हणालो. म्हणायचं होतं ते हे: मेधा, तुला खरंच दुखत होतं. माझं चुकलं.