सासू-सुनेचं एकच माहेर

सुनेत्राचं लग्न ठरवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. मामाची मुलगी भाच्याला द्यायची, हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्र्याहत्तर साली बदलापूरची सुनेत्रा अंबरनाथला सख्ख्या आत्याची सून झाली. आतेभाऊ गुरुदत्त केमिकल कंपनीत ऑफिसर. पोरगी घरातल्या घरात पडली म्हणून दोन्हीकडे पेढे वाटले गेले. वर्षाने नीलिमा झाली, तिच्या पाठीवर दोन वर्षांनी कमळाकर.

नीलिमा तीन-चार वर्षांची होईपर्यंत काही वाटलं नाही. मग कमळाकरने तिला गाठलं, आणि बघता बघता मागे टाकलं. शाळेत घालताना सुनेत्राने तिच्या गणवेशाला चार बोटं दुमड ठेवली होती. दर जूनला शेजारपाजारच्या बायका आपापल्या मुलींची दुमड उसवत बसायच्या. निलूची कधी उसवावीच लागली नाही. कापड विरलं तेव्हा गणवेश बदलला, तोही त्याच मापाचा.

उपायांना मात्र तोटा नव्हता. दुधात खारका झाल्या, अश्वगंधा झाली, दाराच्या चौकटीला लोंबकळणं झालं. सोळा सोमवार झाले, तेही दोनदा. प्रत्येक जण एक उपाय सांगून आपापल्या घरी जेवायला जायचा आणि करायचं ते सुनेत्राने. शहाऐंशी साली एका डॉक्टरांनी थायरॉइड कमी आहे म्हणून गोळी सुरू केली. निलूची सदा वाजणारी थंडी गेली, तोंडावर तकाकी आली, उंची दोन बोटं वाढली आणि पुन्हा अडून बसली. पुढे वर्गातल्या मुलींना पाळी आली, हिला आलीच नाही.

आत्याने आपला निकाल कधीच देऊन टाकला होता. "आमच्या घराण्यात असं कुणी नाही हो," ती आल्यागेल्याला सांगायची, "सुनेच्या माहेरचं काहीतरी असणार." आणि आलेगेले मान हलवायचे! सुनेचं माहेर तेच आत्याचं माहेर, तेच अंगण, तीच तुळस, हे वीस वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. खुद्द सुनेत्राच्याही नाही. तिने ते मुकाट्याने पदरात घेतलं होतं.

निलू बी.कॉम. झाली, घरी शिकवण्या घेऊ लागली. कॅम्प तीनच्या बाजारात कपडे घ्यायला गेलं की दुकानदार तिच्यासमोर कार्टूनचे फ्रॉक टाकायचा. रिक्षावाला सुनेत्राला म्हणायचा, "बच्ची को गोद में लो ना, एक सवारी और बैठेगी." निलू शांतपणे सांगायची, "मैं चौबीस साल की हूँ, भैया. सीट के पैसे देती हूँ." रिक्षातले सगळे वळून बघायचे. सुनेत्राला तिथेच उतरून घरापर्यंत चालत जावंसं वाटायचं, पण तेवढीही शक्ती अंगात उरलेली नसायची.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाने निलूचं आणि आईवडिलांचं रक्त परदेशी तपासायला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. गुरुदत्त कारखान्यातला माणूस म्हणून त्यांनी त्याच्याच भाषेत सांगितलं. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. बाळ पोटात असताना ती घडते. कोणत्या पेशीने वाढीचं काम करायचं, कोणी थायरॉइडचं, कोणी पाळीचं, ही खाती उघडून देणारं एक प्रथिन असतं. मुकादमच म्हणा. जनुकांना धरून तो हुकूम देतो. धरायचा जो हात, त्याला होमिओडोमेन म्हणतात. तुमच्या मुलीत तो हातच बिघडलेला आहे, त्यामुळे ती खाती धड उघडलीच नाहीत."

"मी काही कमी केलं का? खाण्यापिण्यात?" सुनेत्राने विचारलं.

"काहीच नाही. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या दोघांकडे एक-एक बिघडलेली होती. बहुतेक ती तुमच्या दोघांच्या एकाच आजोबा किंवा आजीकडून आली. नात्यात लग्न झालं की असं जुळून येण्याची शक्यता वाढते." मग त्यांनी विचारलं, "मुलाचं लग्न व्हायचंय ना? नात्यात करू नका. करायचंच असेल तर आधी दोघांचं रक्त तपासा."

गुरुदत्तने ते घरी आईला सांगितलं. आत्या उठून देवघरात गेली. वीस वर्षांचा आरोप असा फिटला, पण सुनेत्राला आनंद झाला नाही. आनंद व्हायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

त्यातच कमळाकरला मामाची उमा करायची, हे उमा पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी भगवंतदादा, सुनेत्राचा थोरला भाऊ, नारळ घेऊन आलाच. एकुलता एक भाऊ. आईवडिलांच्या मागे माहेर म्हणजे तोच. सुनेत्राने डॉक्टरीणबाईंचं सगळं त्याला सांगितलं. निदान दोघांचं रक्त तरी तपासू या, म्हणाली.

"माझ्या पोरीचं रक्त तपासायचं? लग्नाआधी?" भगवंतदादा उखडला. "उद्या गावभर झालं की तिला कोण करेल? डॉक्टर काय, काहीही सांगतात."

"दादा, पुन्हा तसंच मूल झालं तर?"

निलू चहा घेऊन बाहेर आली होती. दादाचा आवाज एकदम मऊ झाला. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "झालं तर झालं! आमची निलू काय वाईट आहे? सोन्यासारखी पोर. तिच्यासारखी आणखी एक झाली तर काय बिघडलं, सांग!"

तो प्रेमानेच बोलला, हीच तर पंचाईत होती. खोलीतले सगळे सुनेत्राकडे बघत होते, निलूसुद्धा. नाही बिघडत म्हणावं, तर उद्या कमळाकरच्या घरी हेच सुरू. बिघडतं म्हणावं, तर ते निलूच्या तोंडावर म्हणायचं.

"बिघडतं, दादा," सुनेत्रा म्हणाली. "मला दुसरी निलू नको."

भगवंतदादाने चहाला हात लावला नाही. नारळ पिशवीत घातला आणि "आजपासून माहेर संपलं तुझं" एवढं बोलून तो निघून गेला. त्याला थांबवायला कुणी उठलं नाही.

सुनेत्रा स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून खाली बसली. मागोमाग निलू आली. आई खाली बसलेली असल्यामुळे दोघींची तोंडं समोरासमोर आली.

"तू मला हवी होतीस गं," सुनेत्रा म्हणाली. "देवाशपथ हवी होतीस."

"माहितीये, आई." निलूने आईच्याच पदराने तिचे डोळे पुसले. "पण दुसऱ्या निलूचं मला विचारलं असतंस ना, तर मीही नकोच म्हटलं असतं."

हे एवढं वाक्य लेकीच्या तोंडून कधी निघू नये, म्हणून तर सुनेत्राने वीस वर्षं ते सगळे उपाय केले होते.