पाठीमागची कुजबुज

एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही काय केलं, असं कोणी विचारलं की मी खरं तेच सांगतो: कुजबुज केली. ऐकणारा आधी हसतो. मी चेष्टा करत नाही हे कळलं की त्याचा चेहरा पडतो, कारण आमच्या धाड गावच्या लोकांना तोफा हव्या असतात. मी हवाई दलाच्या तळावर, वैमानिकांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस होतो. गावाने त्याचा ‘इमानाचा डाक्टर’, म्हणजे विमानाचा, करून टाकला. निवृत्त होऊन आलो तेव्हा एकाने विहिरीवरची बिघडलेली मोटर माझ्या ओट्यावर आणून ठेवली. म्हणाला, “इमान दुरुस्त करता, मंग हे काय जड आहे तुमाले?”

वैमानिकांची तपासणी ही उफराटी गोष्ट. बाकी जगात माणूस नसलेलं दुखणं सांगून सुट्टी मिळवतो. आमचे वैमानिक असलेलं दुखणं लपवायचे, कारण दुखणं सापडलं की उड्डाण बंद. डॉक्टर सांगायचे, पहिल्या महायुद्धात सुरुवातीला ज्याला घोड्यावर नीट बसता येई त्याला विमानातही बसवत. शत्रूने न पाडताच पोरं पडायला लागली, तेव्हा कुठे सुचलं की यांचे डोळे, कान, छाती आधी पाहून घ्यावी. तिथून उडणाऱ्यांसाठी वेगळे डॉक्टर आले. त्यांचं कामही मोठं गमतीचं. माणसाला ठणठणीत करायचं आणि मग मरायला सोडायचं.

कान तपासायची रीत साधी होती. वैमानिकाने माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं, एक कान दाबून धरायचा. मी मागे लांब उभा राहून एक शब्द कुजबुजायचा आणि त्याने तो मोठ्याने म्हणून दाखवायचा. शब्द ठरलेले, इंग्रजी. ते लवकरच सगळ्यांचे पाठ झाले. इंजिनांच्या आवाजाने कान कामातून गेलेला गडीसुद्धा पोपटपंची करून मोकळा व्हायचा. समोरच्या खिडकीच्या काचेत माझे ओठ पाहणारेही होते. शेवटी डॉक्टर वैतागले आणि म्हणाले, “तू तुझ्या गावाकडचे शब्द सांग. बघू कोण पाठ करतो ते.”

मग काय! मी सुरू झालो: पऱ्हाटी, ढेमसं, उलसंक. पंजाबचे, बंगालचे, केरळचे उंचेपुरे गडी छाती काढून ‘परेटी’ आणि ‘डेमसा’ म्हणू लागले. ‘उलसंक’ म्हणजे जरासं, पण तेही न जमणाऱ्याचे कान वाईट की जीभ वाईट, यावर डॉक्टर बराच वेळ डोकं धरून बसले होते. आमच्या बोलीला पुण्यात गावंढळ म्हणतात. देशाच्या संरक्षणात तिचा असा वापर झाला, हे तिकडे कोणाला ठाऊक नाही.

एक वैमानिक मात्र काहीच म्हणेना. आदल्या दिवशी तो माझ्याकडे येऊन उद्याचा एक तरी शब्द सांग म्हणून गयावया करून गेला होता. मी सांगितला नाही. डॉक्टरांनी त्याचं उड्डाण बंद केलं. मागच्या व्हरांड्यात तो रडताना दिसला, तेव्हा मला मनापासून राग आला. जीव वाचला, पगार चालू, वर रडतोय! माझ्या मते तो भलताच लाडावलेला माणूस होता.

माझे कान कोणी तपासले नाहीत. तो नियम उडणाऱ्यांसाठी. मी धावपट्टीच्या कडेला औषधांची पेटी घेऊन उभा असायचो, कानात कापसाचे बोळे घालून. तो कापूस खामगावच्या बाजारातून गेलेला असेल, तर आपल्या मालाने विमानांचा आवाज फारसा अडवला नाही, एवढंच म्हणतो.

आता मला ऐकू येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मान डोलवायची, हसायचं आणि ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायचं. एवढ्यावर वऱ्हाडात निम्मा संसार होतो. पण मागच्या बाजाराच्या दिवशी बायकोला मोपेडवर मागे बसवून येत होतो. पाठीमागून एसटी हॉर्न वाजवत होती म्हणे. ड्रायव्हर गाडी आडवी लावून खाली उतरला. त्याचे ओठ हलत होते. ओळखीचा असेल म्हणून मी हसून नमस्कार केला. बायकोने माझा दंड धरून कानाशी तोंड आणलं आणि ओरडली, “अहो, तो शिव्या देऊन राह्यला! हासता काऊन?”

तिनेच पुण्याला मुलाला फोन केला. तो लगेच आला, म्हणाला, “बाबा, आजपासून गाडी बंद.” या मोपेडवर मी शेतात जातो, बुलढाण्याला जातो, चार लोकांत जातो. ती गेली की मी ओट्यावर बसून येणारा-जाणारा पाहणारा म्हातारा. मी खूप भांडलो. मला सगळं ऐकू येतं, ड्रायव्हरच खोटारडा, असं ठणकावून सांगितलं.

मुलाबरोबर नात आली होती. ती डॉक्टरकी शिकते. तिने तोडगा काढला. “आजोबा, तुमचीच परीक्षा घेऊ या. पास झालात तर गाडी तुमची.” मुलाने मान हलवली. मी चटकन काचेच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. पोरीने मला खांद्याला धरून कोऱ्या भिंतीकडे वळवलं. ही काचेची युक्ती तिला मीच मोठ्या फुशारकीने सांगितली होती.

मी एक कान दाबला आणि वाट पाहू लागलो. मागे काहीतरी हललं असं वाटलं. पुण्यात वाढलेली पोर, गावाकडचे शब्द तिला माझ्याकडूनच माहीत. कोणता सांगेल याचा मी अंदाज बांधला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “अंबाडी!”

कोणी काही बोललं असेल तर मला कळलं नाही. चुकलं असावं म्हणून मी घाईने म्हणालो, “जवस! नाही, नाही... टाहाकळा!”

मग मी वळलो. मुलगा जमिनीकडे पाहत होता. बायकोने पदर डोळ्याला लावला होता. नात जवळ आली, माझ्या समोर उभी राहिली आणि मला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, “आजोबा, मी अजून काही बोललेच नाही.”

मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. खिशातली किल्ली मी स्वतःच काढून तिच्या हातावर ठेवली. ती मागायला पोरीला ओरडावं लागलं असतं.