हूक नसलेली मुलगी

कोरीन पेलटिए आमच्या ऑफिसात आली की आधी सॉरी म्हणायची आणि मग काय काम आहे ते सांगायची. खुर्चीत बसताना सॉरी, पेन मागताना सॉरी. शाळेच्या या समुपदेशन कचेरीत मी बावीस वर्षं मुलांचे कॉलेजचे अर्ज फायलीला लावतेय, पण नुसतं जागा अडवल्याबद्दल इतकी माफी मागणारं पोर दुसरं पाहिलं नाही.

मुलगी चांगली होती हो. गणितात बी प्लस, इतिहासात ए मायनस, बँडमध्ये तिसऱ्या रांगेत क्लॅरिनेट. दुसऱ्या गावात आईबापांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. बॉस्टनबाहेरच्या आमच्या गावात मात्र बी प्लस आला की घरातले दबक्या आवाजात बोलतात. तिच्या वर्गातल्या अ‍ॅनलीज ब्रांटनं सतराव्या वर्षी डासांवर संशोधन करून ते छापूनही आणलं होतं. बाकीचे कसल्या ना कसल्या क्लबाचे संस्थापक-अध्यक्ष. शाळेत असे चौऱ्याहत्तर क्लब आहेत. सभासद कोण, ते मात्र विचारायचं नाही.

अर्जात कर्तृत्वासाठी दहा रकाने असतात. कोरीनचे तीन भरले, आणि तिसऱ्यात तिनं दोन उन्हाळे आइस्क्रीमच्या गाडीवर काम केल्याचं लिहिलं होतं. उरलेल्या सात रकान्यांकडे ती तासन्‌तास बघत बसायची. मी कारकून बाई, मी काय करणार?

बरं, रकाने भरूनही भागत नाही. हूक लागतो. हजारो अर्ज वाचून पेंगुळलेला माणूस निबंधातल्या ज्या गोष्टीनं ताठ बसेल, तो हूक. सप्टेंबरपासून पोरं एकमेकांना दुसरं काही विचारतच नाहीत. "तुझा हूक काय?" टोबिन रीस म्हणून एक मुलगा आहे, त्याचे वडील तो दहावीत असताना गेले. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून अ‍ॅनलीज त्याला म्हणाली, "तुझं बरंय बाबा. तुझा निबंध आयता तयार आहे." आणि टोबिननं मान डोलावली! मी स्टेपलर आपटला, पण कुणी वळून बघितलं नाही.

शेजारी कोरीन बसली होती. ती दोघं गेल्यावर ती माझ्याकडे आली.

"मिसेस टिबेट्स, आमच्या घरात कधी काही होतच नाही हो. सॉरी."

"देवाचे आभार मान की गं," मी म्हटलं.

ती हसली नाही. आभार मानायला तिला सवड नव्हती, एक नोव्हेंबर जवळ येत होता. त्या दिवशी दुपारी तीन वाजता, कॉलेजांकडे सगळ्यांत आधी जाणाऱ्या अर्जांची आमची पहिली यादी बंद होते. तिला हवं ते कॉलेज त्या यादीतून मिळालं तरच मिळणार, नाहीतर नाही, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी आमचे समुपदेशक मिस्टर लुंड डोळे पुसत बाहेर आले. "लोर्ना, एक शोकपत्र आण. सगळ्यांच्या सह्या घेऊ. कोरीनचे आजोबा गेले. निबंध वाचला मी तिचा. काय लिहिलंय पोरीनं!"

कोरीनचे आजोबा म्हणजे आर्मां. आर्मां पेलटिएला मी ओळखत नाही होय? तीस वर्षं याच शाळेचा बॉयलर सांभाळला त्यानं. महिन्याच्या सुरुवातीला न्यूमोनियानं आठवडाभर हॉस्पिटलात होता, हे खरं. पण आदल्याच दिवशी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसून तो खोकत होता, आणि मी त्याला खोकल्याची गोळी दिली होती.

"आणते," एवढंच मी म्हटलं. लुंडना सांगितलं असतं तर पोरीला शाळेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मग मी तो निबंध वाचला. निबंध सुंदर होता, तीच तर पंचाईत. हॉस्पिटलातली खोली, म्हाताऱ्याचा गार पडत चाललेला हात, बॉयलरची काजळी कायमची बसलेली ती नखं. मी आर्मांला कालच गोळी दिली होती आणि तरीही रडले.

कोरीनला बोलावून दार लावलं. "काय आहे हे?"

ती पांढरी पडली. "सॉरी."

"सॉरी मला नको. परवा तीनच्या आत हे बदल. नाही बदललंस तर मला लुंडना सांगावं लागेल."

"बदलून काय लिहू?" ती म्हणाली. उलट बोलायचं म्हणून नाही, तिला खरंच माहीत नव्हतं.

एक तारखेला अडीच वाजता ती आमच्या ऑफिसात तशीच कोऱ्या पानासमोर बसलेली, आणि दारात काठी वाजली. टोपी हातात घेऊन आर्मां उभा. पोरीनं घरी सगळं सांगितलं होतं.

"लोर्ना, ते राहू दे की तसंच," तो सरळ मुद्द्यावर आला. "मी वाचलं. छान लिहिलंय. जिवंतपणी माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं."

"आर्मां, तुला कळतंय का तू काय म्हणतोयस?"

"मी निकालापर्यंत घराबाहेर पडत नाही. चर्च नाही, न्हाव्याकडे नाही, काही नाही. कोणाला काय दिसणार आहे? नाहीतरी थंडीच आहे. वसंतात बघू." आणि स्वतःच खो खो हसला, हसता हसता खोकला. "फार तर तोवर मी ते खरंच करून दाखवीन, मग तुमचीही तक्रार राहायची नाही."

"पेपेर, गप्प बस!" कोरीन उठून ओरडली. तिला ओरडताना मी प्रथमच ऐकलं. आजोबांना ती पेपेर म्हणते. "तुला माहीतच नाही. तू हॉस्पिटलात होतास ना, डॉक्टर म्हणाले रात्र काढतील की नाही सांगता येत नाही, तेव्हा आई रडत होती. आणि मी बाहेर बाकावर बसून दिवस मोजत होते. मला वाटलं, आत्ता झालं तर एक तारखेच्या आत लिहून होईल."

खोलीत आम्ही तिघंच होतो, पण मला वाटलं, सगळ्या शाळेनं ऐकलं.

आर्मां हसायचा थांबला. कानातलं यंत्र त्यानं बोटानं चाचपलं, आपण बरोबर ऐकलं का ते बघायला. मग खुर्चीच्या पाठीला धरून हळूच खाली बसला.

"मग आता खरं ते लिही, पोरी," तो म्हणाला. "मी बरा होऊन घरी आलो, ते लिही."

"त्यात काय आहे?" ती हुंदके देत होती, शब्द धड बाहेर येत नव्हते. "घरी आलास, सूप प्यायलास, टीव्ही लावलास. सगळ्यांचे आजोबा घरी येतात. तू जिवंत असलास तर माझ्याकडे काहीच उरत नाही!"

बोलून गेल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. उशीर झाला होता.

आर्मां रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या अनोळखी गावात रस्ता विचारावा तसं त्यानं विचारलं, "मग मी काय करू, बाळ?"

तो चेष्टा करत नव्हता. त्या क्षणी तिनं काहीही सांगितलं असतं तरी त्यानं ते केलं असतं. हे मला कळलं, आणि तिलाही कळलं, कारण ती त्याच्या पायाशी जमिनीवरच बसली आणि दोन्ही मुठींनी तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"घरी चल," ती म्हणाली. "पेपेर, घरी चल."

तो निबंध तिनं स्वतः अर्जातून पुसून टाकला. दुसरा लिहिलाच नाही. तीन वाजले तेव्हा दोघं पार्किंगमधून हळूहळू चालली होती, काठी तिच्या हातात आणि तो तिच्या दंडाला धरून. मी यादी बंद केली. तीत कोरीनचं नाव नव्हतं.