काजूच्या तेलाची नखं

“सोंग खोटा हाय, अंग खरा हाय गो बाय!” पलंगावर आडव्या होताना मावशी हे दरवेळी म्हणायच्या. मग एकच डोळा उघडून बघायच्या, मुली हसल्या की नाही ते.

मी रत्नागिरीत नर्सिंगच्या मुलींना शिकवते. खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी मुली प्लास्टिकच्या पुतळ्यावर शिकतात आणि मग पेशंटचं सोंग घेणाऱ्या मावशींवर. पुतळ्याला कशीही सुई खुपसा, बिचारा हूं की चूं करत नाही. मावशींना मात्र न विचारता हात लावला, की त्या तोंड फिरवायच्या. “आधी नाव इचार माझा! मी काय गोणी हाय?”

लांज्याच्या कारखान्यात त्या काजू फोडायच्या. आमची परीक्षा असली की रजा टाकून एसटीने यायच्या. टरफलाच्या तेलाने त्यांची नखं कायमची काळवंडलेली. नव्या मुली हटकून फसायच्या. “मॅडम, नखं निळी पडलीत! ऑक्सिजन लावू?” मावशी पोट धरून हसायच्या. “अगो, काजूचा तेल हाय ता!”

मी पक्की खाष्ट, हे आधीच सांगून टाकते. परीक्षेत मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी छातीत दुखण्याचं सोंग होतं. समोर राजापूरची एक बुजरी मुलगी, आधी एकदा नापास झालेली. या खेपेला गेली तर वर्ष फुकट, हे मावशींनाही ठाऊक होतं. मावशी घामाने निथळत होत्या. काय कमाल करते ही बाई, मी मनात म्हटलं. तुम्हीही तेच म्हणाला असतात.

“मॅडम, नखं...”

“काजूचं तेल आहे ते. पेशंटशी बोल, माझ्याशी नाही.”

“पण मॅडम, ओठसुद्धा...”

“वेळ जातोय तुझा!”

घंटा झाली. “उठा मावशी, झालं,” मी म्हटलं. त्या उठल्या नाहीत. मी नुसत्या हाका मारत राहिले. त्या मुलीनेच धावत ऑक्सिजन आणला, गाडी बोलवा म्हणून ओरडली.

गाडीत मावशींनी एक डोळा उघडला.

“खरंच दुखत होतं तर बोलला का नाहीत हो?” मी रडत विचारलं.

“पोरीचा वरीस गेला असता... पास झाली ना ती?”

“झाली,” मी म्हटलं.

हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो डोळा मिटला होता.

संध्याकाळी मी परत आले. पलंगाशेजारी गुणांचा कागद तसाच पडला होता. दोन गुणांनी नापास. खाली माझ्याच अक्षरात शेरा होता: पेशंटकडे लक्ष नाही, परीक्षकाशी बोलते.