करवंटीचा टेकू

मिलिंद गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. वर पाण्याच्या टँकरची सूचना, खाली कुणाच्यातरी हरवलेल्या चाव्या आणि मध्ये तो. दुपारपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली. एकाने 'निसर्गमहर्षी हरपला' असंही लिहिलं. एरवी असलं काही वाचलं की मी एक मजला चढून मिलिंदकडे जायचो आणि आम्ही तासभर हसायचो... तो गेला त्याला आता पाच आठवडे झाले.

तो मरोळच्या एका कारखान्यात फिटर होता, मी कॉलेजात शिकवायचो. मुलुंडच्या डोंगराकडेच्या या इमारतीत आम्ही तीस वर्षं वर-खाली राहिलो, वर तो आणि सुजातावहिनी, खाली मी. इमारतीतल्या लोकांनी जुन्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या, तेव्हा टाकून दिलेल्या काचा जमवून त्याने गच्चीवर कमरेएवढं काचघर उभं केलं. वर उचलता येणारं काचेचं झाकण, आत चाळीस वॅटचे दोन बल्ब. मी त्याला शीशमहल म्हणायचो. जानेवारीत तो चहाच्या कागदी कपांत वांग्याचं बी पेरायचा, कप फ्रीजच्या डोक्यावर उबेला ठेवायचा आणि चार पानं फुटली की फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोपं काचघरात हलवायचा. "मुंबईत हीटर लावणारा तू पहिलाच," मी म्हणायचो. "सकाळी तुला मफलर लागतो ना? मग त्यांना का नको?" तो म्हणायचा. "डोंगराचं वारं काय फक्त प्राध्यापकांनाच लागतं?" बी त्याच्या आईचं होतं, माण तालुक्यातल्या गावचं. हिरवट-पांढरी, काटेरी वांगी. आई गेली, गावचं घर मिटलं. दरवर्षी एक फळ झाडावरच पिकू देऊन मिलिंदने ते वाण इथे, टाक्यांच्या आणि डिश अँटेनांच्या मध्ये, टिकवलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत नेमकं रोपं हलवायच्या दिवशी त्याच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर माझा हात धरून तो जे बोलला त्यात हृदयाचा विषय नव्हता. "आज ऊन उतरायच्या आत रोपं वर ने. देठाला हात लावू नको, कप धर. रात्रभर बल्ब राहू दे. सकाळी नऊला बल्ब बंद करायचे आणि झाकण उचलून करवंटीचा टेकू लावायचा. नऊ म्हणजे नऊ. ऊन चढलं की आत भट्टी होते."

"एवढं समजतं रे मला."

"तुला समजतं, पण राहत नाही लक्षात," तो म्हणाला. "आणि ऐक, या वेळी सगळं बी पेरलंय. बियाण्याचं फळ माकडांनी नेलं ना. बियांच्या बाटलीत काही नाही आता."

संध्याकाळी मी ताटात कप मांडून तीन खेपांत वर नेले. अठ्ठावीस रोपं. कुणी बघत नाही याची खात्री करून त्यांच्याशी दोन शब्द बोललोही. बल्ब लावले, झाकण घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी घाटकोपरला स्टेजवर होतो.

सत्कारांची मी जन्मभर टिंगल केली. शाल-श्रीफळ हा आपल्याकडचा साथीचा आजार आहे, असं छापूनही लिहिलं. पण एका वाचनालयाने माझाच सत्कार ठरवला, तेव्हा सकाळी सातला मी इस्त्रीचा झब्बा घालून आरशासमोर उभा होतो. आठला गाडी आली. निघताना झाकण उघडलं असतं तरी चाललं असतं, पण आठवलंच नाही. आठवलं साडेदहाला, अध्यक्ष माझ्या साध्या राहणीवर बोलत असताना. वॉचमनला एक फोन पुरला असता. पण फोन खिशात होता, मी पहिल्या रांगेसमोर होतो आणि माझं उत्तराचं भाषण अजून व्हायचं होतं. मी बसून राहिलो. विसरलो म्हणून मी स्वतःला कधीच माफ करून टाकलं असतं... पण साडेदहानंतर मी विसरलो नव्हतो.

एक वाजता गच्चीवर पोचलो तेव्हा काचा आतून घामेजल्या होत्या, बल्ब जळत होते आणि रोपं शिजवलेल्या पालेभाजीसारखी कपांबाहेर लोंबत होती. शाल माझ्या खांद्यावरच होती. त्याच दुपारी नर्सरीतून अठ्ठावीस रोपं आणून मी त्याच कपांत लावली.

आठवड्याने मिलिंद हळूहळू जिना चढून वर आला. एका पानाखालून त्याने अंगठा फिरवला. आईच्या वाणाला तिथे बारीक काटे असत. ही पानं गुळगुळीत होती. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

"नऊला उघडलंस ना?"

"हो."

"बरं." मग टेकूची करवंटी उचलून बघत म्हणाला, "सुजाता सांगत होती, तुझा सत्कार झाला. नारळाचं काय केलंस?"

"खाल्ला."

"करवंटी असेल तर दे मला. ही जुनी तडकलीय."

मी आणून दिली. मेमध्ये त्या झाडांना लांबुळकी, चकचकीत जांभळी वांगी लागली. सुजातावहिनींनी विचारलं, "आईंच्या वांग्यांचा रंग असा कसा हो झाला?" मिलिंद माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुंबईचं पाणी." आणि पाच वांगी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "घे. भरली वांगी कर."

त्यानंतर आठ महिने तो होता. रोज संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो. त्याने कधी विचारलं नाही, आणि मी उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. आता हे वहिनी इथेच वाचतील. एक मजला चढून सांगायचं सोडून मी पेपरात लिहितोय. मिरवायची हौस बहुधा यातही आहे.

कमिटी काचघर काढायचं म्हणत होती. मी महिनाभराची मुदत मागून घेतली आहे. आत काहीही नाही. तरी मी रोज सकाळी वर जातो, झाकण उचलतो आणि माझ्या सत्काराच्या करवंटीवर टेकवतो. परवा फोनवर बोलत बसलो आणि घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली. फोन तसाच टाकून मी धावत जिना चढलो.