ट्रम्पेटवाल्याचा दम

अकोल्याच्या बसस्टँडमागे जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. पूर्वी तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी ते बंद केलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

दुरुस्त केलेला प्लेअर वाजवून बघायला मी अमरावतीहून वडिलांची जॅझची रेकॉर्ड नेली होती. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम, असे पाच जण. ट्रम्पेटवाल्याने एका दमात लांबलचक तान घेतली, तेव्हा या माणसाने पेचकस खाली ठेवला आणि आपलाही श्वास रोखला. तान संपल्यावरच सोडला.

"पाह्यलं? अजून याच्या बरोबरीनं दम पुरते मले. पुरते तवरिक मले काई होत नाही."

मग दर महिन्याला मी कामासाठी अकोल्याला गेलो की तो तीच तान लावायला सांगायचा. मी भित्रा माणूस. त्याचे ओठ काळेनिळे होताना बघून मला सुई उचलावीशी वाटायची. गेल्या खेपेला तान चालू असतानाच तो खोकत खाली वाकला. नंतर बराच वेळ आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

काल मी त्याला रेकॉर्ड फुटल्याचं सांगितलं. ती माझ्या पिशवीतच होती, तिच्या कव्हराचा कोपराही बाहेर दिसत होता. त्याने तो पाहिला आणि माझ्यासाठी स्टूल पुसला.

"बरं झालं फुटली ते," तो म्हणाला. "तुमी येनार म्हनून सकायपासून भेव लागून राह्यलं होतं मले."